पहिल्या दिवसाचा पत्ता प्रत्येकाजवळ हवा

उमराह करून परतलेल्यांना भेटायला गेलं की खजूर मिळतात, ज़मज़म मिळतं, हरमचं वर्णन ऐकायला मिळतं. पहिल्या दिवशी काय हाल झाले, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही. अशा सफरीतल्या अडचणी बोलून दाखवणं म्हणजे नाशुक्री, असं अनेकांना वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. आपल्यामागून जाणाऱ्यांची वाट सोपी होणार असेल, तर त्या सांगायलाच हव्यात.

आपले बुजुर्ग मुंबईहून जहाजाने जेद्दाहला जायचे. समुद्रावर बरेच दिवस जायचे. त्या दिवसांत सोबत्यांची ओळख व्हायची, जाणकार माणूस इतरांना अरकान समजावून सांगायचा, मीकात कधी येणार याची चर्चा व्हायची. १९९५ पासून ही जहाजं बंद झाली. आता विमान पाच-साडेपाच तासांत पोहोचवतं. जे समजून घ्यायला पूर्वी कित्येक दिवस मिळत, ते सगळं आता एकाच दिवसावर येऊन पडतं. बहुतेक गोंधळ होतात ते त्यामुळेच.

गेल्या वर्षी रायगड-रत्नागिरीकडचे आम्ही सतरा जण उमराहसाठी गेलो. पहिली अडचण मुंबईच्या विमानतळावरच आली. दोन तरुणांचे एहराम मोठ्या बॅगांत होते आणि बॅगा काउंटरवर देऊन झाल्या होत्या. जेद्दाह मीकातच्या आत आहे. त्यामुळे थेट उमराहला जाणाऱ्याने मीकात ओलांडण्याआधी, म्हणजे विमानातच, एहरामच्या स्थितीत असावं लागतं. नियत न करता पुढे गेलं तर मीकातवर परत जावं लागतं, नाहीतर दम द्यावा लागतो. एका चाचांकडे जादा जोड होता, त्यावर एकाचं भागलं. दुसऱ्याने एका सोबत्याच्या हातपिशवीतल्या दोन पांढऱ्या सुती चादरी घेतल्या. शिवण नसलेलं स्वच्छ कापड चालतं, हे ऐनवेळी त्या चाचांनाच आठवलं.

विमानात जेवणानंतर सुगंधी ओले रुमाल वाटले गेले. एहराममध्ये सुगंध वर्ज्य. ज्यांनी नियत केली होती त्यांच्यातल्या दोघींनी सवयीने रुमाल हातात घेतलेही होते. शेजारणीने वेळीच थांबवलं. एवढीशी गोष्ट, पण आधी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

जेद्दाहला पट्ट्यावर सोळा जणांच्या बॅगा आल्या, एका चाचांची आली नाही. बाहेर बस उभी होती. म्होरक्या म्हणाला, "चला, उद्या फोन करू." चाचा मात्र हलले नाहीत, आणि तेच बरोबर होतं. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी तिथल्या सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा असतो. बोर्डिंग पासला चिकटवलेली सामानाची चिठ्ठी तेव्हाच उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार २१ दिवसांत बॅग मिळाली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. बॅग फुटली किंवा मोडली असेल तर सात दिवसांत लेखी कळवावं लागतं. चाचांची बॅग तिसऱ्या दिवशी हॉटेलवर आली.

पण त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या त्याच बॅगेत होत्या. मक्केत औषधाची दुकानं भरपूर आहेत. अडचण नावाची झाली. आपल्याकडचं कंपनीचं नाव तिथे कोणी ओळखेना. सुदैवाने चाचांच्या मुलाने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, त्यावर औषधाचं मूळ नाव होतं. औषधं, चिठ्ठी आणि चष्मा हातातल्या पिशवीतच ठेवावा. इन्शुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच देऊ नये. आणि हो, मसाल्याच्या पुड्यांत खसखस चुकूनही नेऊ नये. आपल्या स्वयंपाकघरातली ही साधी वस्तू सौदीत अमली पदार्थात मोडते.

सगळ्यात मोठा प्रसंग रात्री आला. मक्केत पोहोचताच सगळ्यांना लगेच उमराह उरकायचा होता. आदल्या रात्रीची झोप नव्हती, धड जेवण नव्हतं. तवाफच्या गर्दीत साठीच्या पुढच्या एक खाला मागे राहिल्या. त्यांचा पासपोर्ट म्होरक्याकडे, फोनमध्ये तिथलं सिम नाही, हॉटेलचं नाव माहीत नाही. विचारणाऱ्याला त्या एवढंच सांगत होत्या, "घड्याळाच्या खाली आमचं हॉटेल." त्या घड्याळाच्या खाली आणि आजूबाजूला किती हॉटेलं आहेत, हे तिथे गेलेल्यांना माहीत आहे. हिंदी समजणाऱ्या एका बांगलादेशी सफाई कामगाराने त्यांना एका दारापाशी बसवलं, पाणी दिलं. आमच्यातले तिघे दारोदार शोधत फिरत होते. फजरच्या अज़ानच्या सुमारास त्या सापडल्या, अल्हम्दुलिल्लाह.

खालांना कोणी विसराळू म्हटलं, कोणी अडाणी. आम्हाला ते पटलं नाही. त्यांच्या हातात पत्त्याचा एक कागद कोणी दिला होता का? ज्या सईसाठी आपण तिथे जातो, ती पाण्यासाठी एकट्या धावलेल्या बीबी हाजरांची आठवण आहे. एका बाईच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या शहरात आपल्याच अम्मी-खालांना आपण बिनपत्त्याचं नेतो, आणि सगळ्यांची कागदपत्रं एका पुरुषाच्या पिशवीत ठेवून त्याला व्यवस्था म्हणतो. ती पिशवी नजरेआड झाली की अडकतात त्या म्हातारी माणसं आणि बायकाच.

म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी अर्धा तास एकत्र बसावं. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड असावं: नाव, हॉटेलचं नाव अरबीत, दोन सोबत्यांचे फोन नंबर, आजार आणि औषध. पासपोर्ट व व्हिसाची छायाप्रत प्रत्येकाकडे. थोडे रियाल प्रत्येकाकडे, बायकांकडेही. चुकामूक झाली तर कुठल्या नंबरच्या दारापाशी थांबायचं, हे हरममध्ये शिरण्यापूर्वी ठरवावं आणि तो नंबर सगळ्यांकडून म्हणून घ्यावा. घड्याळं अडीच तास मागे घ्यावीत आणि गोळ्यांच्या नव्या वेळा डॉक्टरांकडून लिहून आणाव्यात.

घाईही नको. एहराम बांधला म्हणून त्याच तासाला उमराह पुरा केलाच पाहिजे, असं नाही. एहरामची बंधनं पाळत हॉटेलवर जेवावं, दोन-चार तास झोपावं आणि मग निघावं. फक्त सईच तीन किलोमीटरच्या आसपास चालायची असते. थकलेल्या, उपाशी शरीराला ती झेपत नाही.

तवक्कल अल्लाहवर असतोच. कार्ड लिहिण्याचं काम मात्र आपलं आहे. आणि ते लिहिताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात करावी.