वायरिंगचं काम देण्याआधी हे विचारा
पंखा लटकवता येणारा प्रत्येक जण वायरमन नसतो. महाराष्ट्रात घराचं वायरिंग करणाऱ्याकडे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असायला हवा. तो मागायला लाजू नका!

माझी परीक्षा मात्र वेगळी आहे. 'आरसीसीबी बसवणार ना?' असं विचारा. 'एमसीबी आहे की, कशाला हवी?' असं उत्तर आलं, तर चहा पाजून निरोप द्या. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून वायरला वाचवते. माणसाला शॉक बसतो तेवढा करंट तिच्या खिजगणतीतही नसतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढी गळती ओळखून क्षणात वीज तोडते. गिझरला स्वतंत्र लाइन हवी, अर्थिंगसकट. त्या लाइनची तांब्याची वायर २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. आणि शेवटी मेगर लावून इन्सुलेशन तपासणारा कुणी भेटलाच, तर त्याचा नंबर आधी सेव्ह करा.