एएमई व्हायचंय? फाडफाड नको, नेमकं इंग्रजी शिका

सातारा-सांगलीकडच्या पालकांचा हमखास प्रश्न: "सर, पोरगं मराठी मीडियमचं. विमान दुरुस्तीचा एएमई कोर्स झेपेल का?" व्हिडिओत थोडक्यात सांगितलं होतं, इथे सविस्तर बघू.

नियम काय म्हणतो?
लायसन्स डीजीसीए देते, सीएआर-६६ या नियमांनुसार. विमानाची मॅन्युअल्स ज्या भाषेत आहेत ती वाचता, लिहिता आणि समोरच्याला कळेल इतपत बोलता यायला हवी, एवढीच अट. म्हणजे इंग्रजी लागतंच, पण भाषण ठोकायला नाही.

मॅन्युअलचं इंग्रजी वेगळं असतं
मॅन्युअल वाचणाऱ्या कितीतरी मेकॅनिकची मातृभाषा इंग्रजी नसते. म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' तयार केलं. पहिली आवृत्ती १९८६ ची. सर्वसाधारण शब्द साधारण ९००, त्यावर तांत्रिक नावं. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं. एका शब्दाला एकच अर्थ: 'क्लोज' म्हणजे बंद करा, 'जवळ' म्हणायचं असेल तर 'निअर'.

तीन शब्द आजच पाठ करा. 'वॉर्निंग' म्हणजे माणसाला धोका. 'कॉशन' म्हणजे यंत्राचं नुकसान. 'नोट' म्हणजे जास्तीची माहिती.

खरी कसोटी लिहिण्यात
रात्रपाळीचा माणूस घरी जातो, सकाळचा येतो. त्याच्या हातात असतं फक्त तुम्ही लिहिलेलं. 'नट बसवला' आणि 'नट टॉर्क केला' ही दोन वेगळी कामं आहेत. नुसतं 'ओके' लिहिलं, तर कुठलं काम झालं ते त्याला कसं कळणार? आणि त्या विमानात माणसं बसणार असतात. शेवटी सही करणाऱ्यावर जबाबदारी येते.

सुरुवात कशी करायची?
१. घरातल्या मिक्सरचं, गाडीचं इंग्रजी मॅन्युअल रोज एक पान वाचा.
२. पंक्चर काढणं, पंप उघडणं, असं एखादं काम पाच छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा.
३. ते वाचून दुसऱ्याला काम करता येतं का बघा. अडला, तर वाक्य बदला.

पालकांनो, फी भरण्याआधी संस्थेला डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता आहे का, ते डीजीसीएच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. 'इंग्लिश स्पीकिंग फ्री' या बोर्डावर जाऊ नका.

दुकानदार मित्रांनो, आपल्या जॉब कार्डलाही हेच लागू होतं बरं का! काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा.