दर्यावर्दी राजपुत्राची प्रयोगशाळा

१८८५ साली अझोर्स बेटांजवळ अटलांटिक महासागरात 'इरोंदेल' या शिडाच्या जहाजावरून काचेच्या बाटल्या, लाकडी पिंपे आणि तांब्याचे पोकळ गोळे सोडण्यात आले. आत कागद होता. ज्याला हे सापडेल त्याने ठिकाण आणि तारीख कळवावी, अशी विनंती त्यावर अनेक भाषांत छापली होती. जहाजाचा मालक होता मोनॅकोचा युवराज आल्बेर.

१८४८ साली जन्मलेला आल्बेर तरुणपणीच स्पेनच्या आरमारात दाखल झाला आणि १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंच आरमारातर्फे लढला. वेळ, ठिकाण, वारा, पाणी यांची नोंद ठेवण्याची आरमारी शिस्त त्याने संशोधनात आणली. त्याचे खरे मोठेपण तिथेच दिसते.

तीन वर्षांत त्याने असे १,६७५ तरंगते निरोप सोडले. त्यांपैकी २२७ चा पत्ता लागला. ती ठिकाणे नकाशावर मांडली, तेव्हा उत्तर अटलांटिकचे पाणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अझोर्सभोवती फिरते, हे स्पष्ट झाले. पहिल्या महायुद्धानंतर भरकटलेले पाणसुरुंग कुठे वाहत जातील, याचा अंदाज बांधायला हीच माहिती उपयोगी पडली.

१८९५ साली अझोर्सच्याच पाण्यात स्पर्म व्हेलची शिकार चालली होती. मरणाऱ्या देवमाशाने पोटातले खाद्य ओकले आणि त्यात कोणी कधी न पाहिलेले खोल समुद्रातील माकूल निघाले. राजपुत्राने ते गोळा करून तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांतल्या अंगावर खवले असलेल्या एका जातीच्या शास्त्रीय नावात मोनॅकोच्या ग्रिमाल्दी घराण्याचे नाव कायमचे बसले.

पण त्याच्या जहाजाने विज्ञानाला दिलेली सर्वांत मोठी देणगी समुद्रशास्त्रातली नव्हती. १९०१ च्या सफरीत शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे शरीरशास्त्रज्ञ सोबत होते. फायसेलियाच्या विषाचा अभ्यास करा, असे त्यांना जहाजावरच सुचवण्यात आले. निळसर फुग्यासारखा तरंगणारा, लांब दंशतंतूंचा हा प्राणी. पावसाळ्यात जुहू चौपाटीवर वाहून येणारे 'ब्लू बॉटल' याच कुळातले. फ्रान्सला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून दोघांनी समुद्रफुलाचे (सी ॲनिमोन) विष घेऊन प्रयोग पुढे नेले. थोडे थोडे विष दिले की शरीर सरावेल, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. पहिल्या मात्रेतून सावरलेल्या नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा अल्प मात्रा दिली, तर तो पंचवीस मिनिटांत दगावला.

शरीराची ही उलटी, जीवघेणी प्रतिक्रिया म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. मधमाशीचा दंश, शेंगदाणे किंवा पेनिसिलिन यांनी काहींचा जीव क्षणात धोक्यात का येतो, हे समजण्याची वाट इथून सुरू झाली. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. बरोबरीने राबलेल्या पोर्तिए यांना त्यात वाटा मिळाला नाही, याची हळहळ आजही वाटते.

१८८९ साली गादीवर आल्यानंतरही आल्बेरच्या सफरी थांबल्या नाहीत. आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेनला तो चार वेळा गेला. मोनॅकोच्या कड्यावर त्याने उभारलेले सागरविज्ञान संग्रहालय १९१० साली खुले झाले. त्याआधी, १९०३ साली, जगातल्या सर्व महासागरांच्या तळाचा एकच नकाशा करण्याच्या कामाचे नेतृत्व आणि खर्च त्याने अंगावर घेतला. चोवीस नकाशापत्रांची पहिली आवृत्ती १९०५ साली निघाली, तेव्हा खोली मोजायचे मुख्य साधन म्हणजे वजन बांधून सोडलेली तार. १९२२ साली आल्बेर वारला. नकाशाचे काम मात्र चालूच आहे: ध्वनिलहरींनी मोजणी होऊनही सागरतळाचा जेमतेम पाव भागच बारकाईने नोंदला गेला आहे.