गुलाबी अळीला उपास घडवायचा कसा?

तुमच्या घरात खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असं कुणी आहे का? कारलं नको, वांगं नको, दोडका तर ताटात दिसायलासुद्धा नको! अशा माणसाची आवडती भाजी महिनाभर घरात आणलीच नाही, तर काय होईल? तो कुरकुरेल, रुसेल आणि शेवटी मुकाट्याने वांगं खाईल. पण आज ज्या प्राण्याची ओळख करून घ्यायची आहे, तो याहून हट्टी. त्याला कापसाचं बोंड लागतं. क्वचित भेंडी-अंबाडीसारख्या कापसाच्या भाऊबंदांना तो तोंड लावील, पण त्यावर त्याचा संसार चालत नाही. नाव गुलाबी बोंडअळी. पूर्ण वाढली तरी लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. आणि एवढ्याशा या अळीने वर्धा जिल्ह्यातल्या किती घरांचा वर्षाचा हिशेब बिघडवला, ते विचारू नका.

वर्धा जिल्हा म्हणजे कापसाचा मुलूख. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत कुठेही जा, वावरात पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन दिसणारच. इंग्रजांच्या काळात इथला देशी कापूस परदेशच्या बाजारातही 'हिंगणघाट' याच नावाने ओळखला जाई. आजही दिवाळीच्या आसपास हिंगणघाटच्या बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग लागते. तेव्हा कापसाचं दुखणं ते इथल्या घराघरांचं दुखणं, हे वेगळं सांगायला नकोच.

आता या अळीचा दिनक्रम बघू. तान्ह्या पोळ्याला तुम्ही लाकडी नंदीबैल सजवून मिरवता ना, साधारण त्याच सुमारास पऱ्हाटीला पात्या आणि फुलं लागलेली असतात. रात्री करड्या-तपकिरी रंगाचे चिमुकले पतंग उडतात आणि मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून अळी निघते. तेव्हा ती पांढरी असते बरं का. गुलाबी रंग नंतर चढतो. जुन्या पुस्तकांत तिला 'शेंदरी बोंडअळी' म्हटलं आहे, ते याच रंगावरून. फुलात शिरलेली अळी आतून रेशमासारखे धागे काढून पाकळ्या एकमेकींना चिकटवते. मग ते फूल उमलतच नाही, मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. शेतकरी तिला 'डोमकळी' म्हणतात.

बोंडात शिरलेली अळी याहून कपटी. ती अगदी लहान असतानाच आत घुसते आणि तिच्या मागे ते बारीकसं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, जसं काही झालंच नाही! आत मात्र ही बाई सरकी खात बसलेली. फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. बोंड फुटायच्या वेळी कळतं की आतला कापूस पिवळट, चिकटलेला, कडक झाला आहे. त्याला 'कवडी' म्हणतात. कवडी वेचायला वेळ जास्त, वजन कमी आणि बाजारात भाव पडलेला.

ही अळी काही परवा आलेली नाही. १८४३ साली विल्यम साँडर्स या इंग्रज अभ्यासकाने गुजरातेतल्या भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणजे पाहुणी जुनीच. मग अलीकडेच तिने एवढा उच्छाद का मांडला? इथे गोष्टीत बीटी कापूस येतो.

बीटी हे एका जिवाणूच्या लांबलचक नावाचं लघुरूप आहे: बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जर्मनीत थुरिंजिया नावाचा प्रदेश आहे. तिथल्या पिठाच्या गिरणीतल्या मेलेल्या अळ्यांमध्ये १९११ साली हा जिवाणू सापडला, म्हणून त्याला हे नाव मिळालं. त्याच्या दहा वर्षं आधी जपानमध्ये रेशमाच्या किड्यांचा रोग शोधताना तो दिसला होता. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. ते अळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्याला भोकं पडतात आणि ती मरते. माणसाच्या किंवा गाईच्या पोटात तसं होत नाही. शास्त्रज्ञांनी हे प्रथिन बनवणारं जनुक कापसाच्या झाडातच बसवलं. म्हणजे झाडच अळीला म्हणणार, 'खा बाई, खा!'

भारतात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यात असं एक प्रथिन होतं. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं वाण आलं. पुढच्या आठ-दहा वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी झाली. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, बोंडं भरली, लोक खूश! पण २०१० मध्ये बातमी आली की गुजरातेत काही ठिकाणी गुलाबी अळी पहिलं प्रथिन पचवून जगते आहे. काही वर्षांत दुसरंही तिने पचवलं. आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, तिने शेतंच्या शेतं पोखरली. काही शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर घातला, काहींनी गुरं सोडली. त्या वर्षीच्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हाच विषय गाजला आणि सरकारला मदत जाहीर करावी लागली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, ते तुमच्या आई-बाबांना आठवत असेल.

आता खरा प्रश्न. अळीने विष पचवलं कसं? ती शाळेत शिकायला गेली होती काय? तसं नाही. लाखो अळ्यांमध्ये एखादी जन्मतःच अशी असते की तिला ते प्रथिन बाधत नाही. सगळीकडे बीटीच असेल तर बाकीच्या मरतात आणि ही एकटी उरते. पलीकडच्या वावरात अशीच दुसरी उरलेली असते. दोघींचे पतंग होतात, त्यांची जोडी जमते आणि पिल्लंही सगळी तशीच निपजतात. दोन-चार हंगाम असं झालं की वावरात राहणारी प्रत्येक अळी पचवणारीच!

यावर उपाय पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तो असा की बीटी कपाशीच्या कडेने थोडी साधी, बिनबीटी कपाशी लावायची. तिला 'आश्रय पीक' म्हणतात. तिथे साध्या अळ्या खुशाल जगू द्यायच्या. म्हणजे पचवणाऱ्या एखाद्या पतंगाला जोडीदार साधाच मिळण्याची शक्यता जास्त, आणि त्यांची पिल्लं बीटीवर बहुधा मरतात. काही अळ्या मुद्दाम पोसायच्या, म्हणजे बाकीच्या मारता येतील. आहे की नाही उलटी गंमत? म्हणूनच ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याचं वेगळं पाकीट मिळत असे. पण ते पाकीट बहुतेकांनी लावलंच नाही. 'कीड पोसायला जागा कशाला अडवायची?' असं शेतकऱ्याला वाटलं, आणि त्यात त्याचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही. दोन-चार एकरांचा धनी तो. बियाणं विकताना जेवढा गाजावाजा झाला, त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही त्या लहान पाकिटाचं कारण कुणी त्याला बांधावर येऊन समजावलं नाही. पुढे बियाण्याच्या पाकिटातच थोडं साधं बी मिसळून देण्याचा नियम झाला, पण तोवर उशीर झाला होता.

तुम्ही विचाराल, मग हिरवी अमेरिकन बोंडअळी का नाही अशी माजली? कारण ती चोखंदळ नाही! तिला तूर चालते, हरभरा चालतो, टोमॅटो चालतो. कपाशीत तुरीच्या ओळी असतात, तिथे साध्या अळ्या आपोआप वाढतात. तिचं आश्रय पीक निसर्गानेच लावून ठेवलं आहे. गुलाबीला कपाशीशिवाय घर नाही, आणि सगळी कपाशी आपण बीटी करून टाकली.

पण थांबा. जी गोष्ट तिची ताकद ठरली, तीच तिची दुबळी बाजूही आहे. एकच पदार्थ खाणाऱ्याला उपाशी ठेवणं सोपं! डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकली आणि जूनमध्ये पाऊस आल्यावरच नवी पेरली, तर मधले पाच-सहा महिने वावरात बोंडच नाही. ही अळीसुद्धा हुशार आहे. अशा वेळी ती दोन सरक्या चिकटवून त्यांच्यामध्ये किंवा पालापाचोळ्यात झोपून राहते आणि उन्हाळ्याअखेर पतंग होऊन बाहेर पडते. पण पतंगाचं आयुष्य एक-दोन आठवड्यांचं. तेवढ्या दिवसांत त्याला पाती-फूल मिळालं नाही, तर वंश पुढे चालवायला जागाच नाही. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग सारखे सांगतात की ओलिताची सोय असली तरी मे महिन्यात कपाशी लावू नका. एकाने लावली, की त्याच्या वावरात सगळ्या गावाच्या अळ्यांची पंगत बसते!

दुसरी अडचण फरदडीची. नेहमीच्या वेचण्या झाल्यावर डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटीला पाणी दिलं की तिला पुन्हा बोंडं येतात. मशागतीचा मोठा खर्च नाही, आणि वर दोन पैसे हातात. शाळेची फी, बहिणीचं लग्न, उधारी... हे पैसे कुणाला नको असतात? तुमच्या बाबांनी फरदड ठेवली तर त्यांना नावं ठेवू नका. पण एवढं मात्र खरं की उपाशी मरणाऱ्या अळीला आपण मार्च-एप्रिलपर्यंत जेवण वाढतो, आणि बिल पुढच्या हंगामात येतं. तेही एकट्या बाबांना नाही, शेजारच्या काकांनाही. कारण पतंगाला बांध कळत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या अंगणातली. चुलीसाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांची गंजी! तिच्यात न फुटलेली बोंडं राहतात आणि त्यांत अळ्या निवांत झोपलेल्या असतात. गॅस महाग आहे, सरपण लागतंच. ज्यांना शक्य आहे त्यांनी यंत्राने पऱ्हाट्या बारीक करून शेतात खत करावं. ज्यांना त्या जाळायला लागतातच, त्यांनी निदान त्यावरची बोंडं झडवून नष्ट करावी आणि गंजी पावसाळ्यापर्यंत ठेवू नये. जिनिंगच्या आवारातही सरकीबरोबर अळ्या येतात, म्हणून तिथेही सापळे लावायला सांगतात.

हे सापळे मोठे मजेदार असतात. मादी पतंग नराला बोलवायला एक वास सोडते. माणसाने तोच वास प्रयोगशाळेत बनवला आणि लहानशा रबरी तुकड्यात भरला. नरसाळ्यासारख्या सापळ्यात तो टांगला की नर येतात आणि खालच्या पिशवीत पडतात. हे कामगंध सापळे पिकाच्या थोडे वर, एकरी दोन लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजतात. अलीकडे हाच वास असलेले दोरीसारखे तुकडे वावरभर झाडांना बांधतात. मग सगळीकडूनच वास येतो, आणि बिचाऱ्या नराला मादी सापडतच नाही!

एकजूट झाली तर काय होतं, ते परदेशात दिसलं आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात शेतकऱ्यांनी बीटी, वास, वेळेवर पऱ्हाट्या काढणं हे सगळं एकत्र केलं. शिवाय प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग अब्जावधींनी विमानातून सोडले. त्यांना खाद्यातून लाल रंग दिलेला असे, म्हणजे सापळ्यात पडल्यावर आपला कोण आणि रानातला कोण ते ओळखता यावं. २०१८ मध्ये तिथे गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे दोन-दोन एकरांच्या वावरांवर विमान कुठून आणायचं? चीनची गोष्ट आपल्याला जवळची वाटते. तिथे यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकरी दुसऱ्या पिढीचं संकरित बी पेरू लागले. त्यात सुमारे चौथा हिस्सा झाडं आपोआप बिनबीटी निघाली, म्हणजे नकळत आश्रय पीक तयार झालं, आणि अळीची पचवायची शक्ती घटली.

आता तुमच्यासाठी एक काम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दर रविवारी, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, वावरात जा. मात्र नुकतीच फवारणी झाली असेल त्या वावरात अजिबात पाऊल टाकू नका. डोमकळ्या दिसल्या तर तोडून पिशवीत भरा. मग एका एकरातून वेगवेगळ्या झाडांची मिळून वीस हिरवी बोंडं तोडा. चांगली दिसणारी निवडू नका, हाताला येतील ती घ्या. एकेक फोडून बघा आणि अळी किंवा भोक असलेली किती निघाली ते तारखेसह वहीत लिहा. विसात दोन किंवा जास्त निघाली, तर वही त्याच दिवशी घरात दाखवा आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारायला लावा. आणि हो, फोडलेली बोंडं बांधावर टाकून घरी येऊ नका. अळ्या गुपचूप मातीत शिरतात आणि आठवडाभरात पतंग होऊन उडतात. साबणाच्या पाण्याची बादली बरोबर न्या, डोमकळ्या आणि बोंडं त्यात बुडवा, आणि मग स्वच्छ पाण्याने हात धुवा.