काळ्या मेघांच्या पोटात

आश्विनातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात, पाऊस सरून आकाश निवळले असताना, शहरातील दिव्यांपासून दूर जाण्याची संधी मिळाली तर रात्रीच्या पहिल्या प्रहरी माथ्याकडे दृष्टी टाकावी. हंस तारकासमूहापासून गरुडाकडे आणि तेथून नैर्ऋत्येस उतरत जाणारी आकाशगंगा आपणांस मध्येच दुभंगलेली दिसेल. नदीच्या पात्रात बेट यावे तशी एक काळी पट्टी तिच्या मधून गेलेली असते. तेथे तारे नाहीत, असे कोणाच्याही मनात सहज येईल. दुर्बिणीतून आकाश मोजण्यात ज्याने आयुष्य वेचले त्या विल्यम हर्शेललाही तसेच वाटले होते. १७८५ च्या आपल्या निबंधात त्याने वृश्चिक राशीतील अशाच एका जागेला आकाशाला पडलेले भोक म्हटले. तेथील तारे शेजारच्या तारकागुच्छाने ओढून घेतले असावेत, अशी त्याची उपपत्ती होती.

अमेरिकन ज्योतिर्विद एडवर्ड बार्नार्ड याने अशा काळ्या जागांची पुष्कळ छायाचित्रे घेतली, तरी त्याचाही निश्चय बराच काळ होत नव्हता. १९१३ च्या उन्हाळ्यात एका रात्री धनु राशीतील उजळ आकाशगंगेसमोर त्याला आपल्याच पृथ्वीवरचे काही चिमुकले ढग दिसले. त्या तेजस्वी पार्श्वभूमीवर ते शाईच्या थेंबांसारखे काळेभोर दिसत होते. मग आकाशातील ती 'भोके' हादेखील असाच एखादा पडदा का नसावा? १९१९ मध्ये त्याने अशा १८२ ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली. (येथे भाषांतरकाराची एक अडचण सांगावीशी वाटते. 'नेब्युला' या शब्दासाठी आपल्याकडे 'तेजोमेघ' हा सुंदर शब्द रूढ आहे. परंतु ज्याच्यातून प्रकाशाचा किरणही बाहेर पडत नाही त्याला तेजोमेघ कसे म्हणावे? म्हणून या लेखात नुसता 'मेघ' म्हटले आहे.)

हा पडदा कशाचा आहे, याचा एक धागा आधीच हाती आला होता. मृग नक्षत्राच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यांतील पश्चिमेकडचा तारा वस्तुतः ताऱ्यांची जोडी आहे. ते तारे एकमेकांभोवती फिरत असल्यामुळे त्यांच्या वर्णपटातील रेषा मागेपुढे सरकतात. १९०४ मध्ये योहान्नेस हार्टमान याच्या ध्यानात आले की कॅल्शियमची रेषा मात्र सरकत नाही. अर्थात ते कॅल्शियम ताऱ्यावरचे नव्हते. तारा आणि आपण यांच्या मध्ये कोठेतरी पसरलेल्या वायूतले होते. या वायूचा सर्वांत मोठा भाग हायड्रोजनचा. त्याच्या अणूंतून निघणारी २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर १९५१ मध्ये प्रथम पकडण्यात आली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेली तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आज हेच काम करते.

परंतु प्रकाश अडवतो तो वायू नव्हे, तर त्यात मिसळलेली धूळ. वजनाने ती शंभरात जेमतेम एक भाग भरते. वाळू आणि काजळी यांच्या जातीचे तिचे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे सूक्ष्म असतात. गोरजवेळी गुरांच्या खुरांनी उडालेल्या धुळीतून मावळता सूर्य तांबूस दिसतो. या धुळीमागचे तारेही तसेच तांबूस आणि मंद दिसतात. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्प्लर याने तारकागुच्छांचा अभ्यास करून हे निर्विवाद सिद्ध केले, तेव्हा ज्योतिर्विदांची मोठीच पंचाईत झाली. अवकाश स्वच्छ आहे असे धरून मोजलेली दूरच्या ताऱ्यांची अंतरे वाजवीपेक्षा फार जास्त ठरली होती, आणि त्यांवर उभा असलेला आकाशगंगेचा नकाशा नव्याने आखावा लागला. साहजिकच कित्येक वर्षे ही धूळ म्हणजे एक उपद्रव, अशीच भावना होती.

आज तिच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली आहे. बार्नार्डच्या यादीतील ६८ क्रमांकाचा मेघ घ्या. भुजंगधारी तारकासमूहात, आपल्यापासून चारपाचशे प्रकाशवर्षांवर असलेल्या या मेघाचा विस्तार सुमारे अर्ध्या प्रकाशवर्षाचा, आणि त्यातील द्रव्य दोनेक सूर्य घडतील एवढे. अवरक्त प्रकाश धुळीतून पार जातो. त्यात या मेघामागचे शेकडो तारे दिसू लागतात. त्यांच्या मंदपणावरून २००१ मध्ये मेघाच्या प्रत्येक थरातील धुळीचे माप घेतले गेले. मध्यभागी एका घनसेंटिमीटरमध्ये लाखांच्या घरात कण आहेत. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत २७ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. म्हणजे हा 'दाट' मेघ आपल्या दृष्टीने निर्वातच! तरीही स्वतःच्या भाराने तो कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या मोजमापातून दिसून आले.

त्याच्या पोटातील तपमान निरपेक्ष शून्यापेक्षा जेमतेम दहा अंशांनी अधिक असते. एवढ्या थंडीत कसले रसायन घडणार, अशी शंका आपणांस येईल. पण येथेच धूळ कामी येते. हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्या अवकाशात भेटले तरी जोडले जात नाहीत, कारण जोडणीत सुटणारी ऊर्जा टाकायची कोठे? धूलिकणावर भेटले तर तो ती ऊर्जा स्वतःकडे घेतो आणि जोडी जमते. शिवाय ताऱ्यांचे जंबुपार किरण असे रेणू मोडून टाकतात. धूळ त्यांनाही बाहेर थोपवून धरते. आत शिरतात ते विश्वकिरण. त्यांच्या आघाताने विद्युद्भारित झालेले रेणू थंडीतही चटकन संयोग पावतात. अमोनिया १९६८ मध्ये, पाण्याची वाफ आणि फॉर्माल्डिहाइड १९६९ मध्ये, कार्बन मोनॉक्साइड १९७० मध्ये असे एकेक रेणू रेडिओ लहरींवरून ओळखले गेले. आज ती संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे.

मेघाच्या गाभ्यात तर वायूच धूलिकणांवर गोठू लागतो. प्राणवायूच्या एखाद्या अणूला कणाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे दोन अणू येऊन मिळतात आणि तेथेच पाणी होते, अर्थात बर्फाच्या रूपात. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने सरडा तारकासमूहातील एका मेघामागच्या ताऱ्यांचा प्रकाश तपासला, तेव्हा पाण्याच्या बर्फाबरोबर अमोनिया, मिथेन आणि मिथेनॉल यांचाही बर्फ आढळला.

हे बर्फ आपल्यापर्यंत पोहोचले काय? अतिशीत मेघात घडलेल्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच अधिक असते. सूर्य ज्या द्रव्यातून झाला त्यात हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे सुमारे २० जड होते. आपल्या समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १५६ आहेत. सूर्याभोवतीच्या आद्य तबकडीत एवढा जडपणा नव्याने निर्माण होणे शक्य नव्हते, असे २०१४ मध्ये संशोधकांनी गणिताने दाखवले. तेव्हा सागरांतील, नद्यांतील आणि आपल्या माठातील पाण्याचा काही अंश सूर्याहूनही जुना, अशाच एखाद्या काळ्या मेघातील धूलिकणांवर गोठलेला असला पाहिजे.