निर्जन बेटावरची दोघं : क्रायटननं कळ का ओढली?

आजचा लेखांक सिंहाचा असणार होता. नटी ग्लोरिया स्वॉन्सन, दिग्दर्शक सेसिल डीमिल आणि बॅरीच्या नाटकावरून निघालेल्या त्यांच्या १९१९ सालच्या मूकपटातला तो खराखुरा सिंह आता पुढच्या आठवड्यात येतील. मागच्या वेळी आपण बॅरीच्या 'द अ‍ॅडमिरेबल क्रायटन' या नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या शेवटी थांबलो होतो आणि तिथेच साताऱ्याच्या एका वाचक बाईंचं पत्र येऊन उभं राहिलं. त्यांचा प्रश्न असा : बटलर क्रायटन आणि उमरावकन्या लेडी मेरी यांचं लग्न ठरलेलं आहे, पाद्री बेटावर हजर आहे, जवळून जाणाऱ्या जहाजाच्या तोफेचा आवाज आला तरी जहाजावरच्यांना बेटावर काही दिसलेलं नाही आणि ते निघून चाललंय. लेडी मेरी स्वतः विनवते आहे की जाऊ दे ते. मग हा बटलर दिवे पेटवायची कळ ओढतोच का? त्याचं प्रेम कमी पडलं, की लेखकाची हिंमत?

माझ्या मते सगळं नाटक या एका कळीवर तोललेलं आहे. तेव्हा सिंह थांबू दे.

उत्तर बेटावर सापडत नाही. त्यासाठी लंडनमधल्या मेफेअरच्या दिवाणखान्यात, पहिल्या अंकातल्या चहाला परत जावं लागतं. माणसं मुळात समान आहेत, उच्चनीच हा समाजानं केलेला खोटा भेद आहे, असं घरमालक लॉर्ड लोम हा उमराव मानतो. म्हणून महिन्यातून एकदा तो घरच्या नोकरांना चहाला बोलावतो आणि लेडी मेरीसह आपल्या तिन्ही मुलींना त्यांच्या सरबराईला लावतो. नोकर आत येतात ते कसे, हे मुद्दाम पाहा. सर्वांत आधी घराची कारभारीण मिसेस पर्किन्स. मग फ्रेंच खानसामा मॉसिए फ्लरी. मग मालकाचा खास नोकर, मग कोचमन, मग मुलींच्या दासी. इथपर्यंत प्रत्येकाच्या नावामागे 'मिस्टर', 'मिस' लागतं. त्याखालच्यांना नुसतं नाव. आणि शेवटाकडे ट्वीनी, म्हणजे धड स्वयंपाकघरातली नाही आणि धड वरच्या कामाचीही नाही अशी मधली पोर. समतेच्या चहाला माणसं पायरीपायरीनं येतात, आणि ही रांग लावलेली असते क्रायटननं.

या चहात सर्वांत जास्त यातना त्यालाच होतात. मालक दयाळू आहे हे त्याला मान्य आहे, पण मालकाचा सिद्धांत त्याला मुळीच पटत नाही. कुठेही चार माणसं एकत्र आली की त्यांच्यात वरचा आणि खालचा ठरणारच, तो निसर्गाचा नियम आहे, अशी त्याची श्रद्धा आहे. यात लाचारी अजिबात नाही. आपली जागा नेमकी कोणती हे माहीत असणं, आणि ती जागा निर्दोष सांभाळणं, यातच त्याचा सगळा स्वाभिमान आहे. बॅरीची करामत अशी की घरातला उमराव समतावादी आहे आणि नोकर कडवा पायरीवादी. नाटकातला विनोद इथून निघतो, आणि प्रेमकथाही इथूनच.

प्रेम कुठे सुरू होतं याबद्दल माझं एक मत आहे. पुष्कळ जण बेटाकडे बोट दाखवतात. मी पहिल्या अंकाकडे दाखवतो. सफरीवर निघताना तिन्ही मुलींना मिळून एकच दासी, असं लॉर्ड लोम जाहीर करतो. लेडी मेरीची दासी फिशर तिथल्या तिथे नोकरी सोडते, कारण तिघींची चाकरी करणं म्हणजे तिची पायरी उतरणं. दुसऱ्या दासीही तिच्या मागोमाग जातात आणि जागा जाते ट्वीनीकडे. उमरावालाही खास नोकर उरत नाही. तेव्हा मेरी क्रायटनला गळ घालते. बटलरनं एखाद्याचा खास नोकर म्हणून जाणं ही त्या जगात केवढी घसरण होती, हे फिशरच्या राजीनाम्यावरून नुकतंच कळलेलं असतं. तरी क्रायटन तयार होतो. साऱ्या नाटकात आपली पायरी तो स्वतःहून एकदाच उतरतो, तीही मेरीच्या शब्दाखातर. मेरीला त्याचं मोल तेव्हा कळत नाही. प्रेक्षकाला कळायला हवं.

सफरीत जहाज फुटतं आणि सगळे निर्जन बेटावर अडकतात. तिथे क्रायटन सत्ता हिसकावून घेत नाही. लॉर्ड लोम त्याला महिन्याची नोटीस देतो, सगळे रागारागानं जंगलात निघून जातात, आणि क्रायटन विस्तवावर भांडं चढवून बसतो. कुणाला हाक नाही, शब्दानं टोमणा नाही. भुकेलेली उमराव मंडळी एकेक करून वासाच्या मागे परत येतात. माणसाच्या तोंडून न ठरलेली गोष्ट निसर्ग ठरवील, एवढाच त्याचा विश्वास होता. तो खरा ठरला.

राजा आणि साधा खलाशी निर्जन बेटावर अडकले तर अखेरीस खलाशी राजा होईल आणि राजा त्याचा चाकर, ही कल्पना आर्थर कॉनन डॉयल यांनी बोलून दाखवली होती असं सांगतात. डॉयल आणि बॅरी मित्र होते, बॅरीच्या हौशी क्रिकेट संघात एकत्र खेळत. जर्मनीत लुडविग फुल्डा यांचं 'रॉबिन्सन्स आयलंड' हे नाटक १८९६ सालीच आलं होतं, आणि त्यातही बेटावर लायक माणूस वर चढतो. तेव्हा उलटापालटीची कल्पना बॅरीची एकट्याची नव्हे. त्याची स्वतःची भर म्हणजे लेडी मेरी. राजा-खलाशाच्या गोष्टीत फक्त जागा बदलतात. इथे बदलतं ते माणूस.

मेरी पहिल्या अंकात इतकी आळशी आहे की साध्या विचारानंही दमते. दोन वर्षांनंतर ती पुरुषी पोशाखात शिकारीला जाते, डोंगर चढते, ओढे ओलांडते, आणि सगळे तिला पॉली म्हणतात. मग तो जेवणाचा प्रसंग. क्रायटन मेजावर एकटा बसला आहे आणि मेरी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून वाढते आहे. ती वाढते ती हुबेहूब त्याच्याच जुन्या रीतीनं. हे काम तिला कुणी शिकवलेलं नाही. आयुष्यभर स्वतःच्या खुर्चीमागे ती जे न पाहता पाहत आली, तेच तिच्या हातात उतरलं आहे. हा प्रसंग वाचताना हसू येतं, पण त्यात मेरीचा अपमान कुठेही नाही. तिला या कामाचा अभिमान वाटतो, बाकीच्या मुली त्याच कामासाठी तिचा हेवा करतात. क्रायटनला आपल्या कामाचा अभिमान का वाटत असे, हे तिला आता आतून समजलं आहे. रंगभूमीवर इतकं नाजूक प्रियाराधन मी फार थोडं पाहिलं आहे.

आता कळ. किनाऱ्यावरचे संकेतदिवे घरातूनच पेटावेत अशी ती योजना क्रायटननंच उभारलेली आहे. सगळ्यांना सुखरूप घरी पोचवण्याची जबाबदारी आपली, हे गृहीत धरून. जो वरच्या पायरीवर आहे त्यानं खालच्यांचं रक्षण करायचं, हाही त्याच नियमाचा भाग. बेटावर तो राजा झाला तो याच नियमाच्या बळावर. मग तोफ ऐकू आल्यावर तो नियम फक्त स्वतःच्या सुखासाठी बाजूला ठेवायचा, तर त्याचं राजेपण त्याच क्षणी खोटं ठरतं. आणि मेरीनं प्रेम केलं होतं ते त्या राजावर. कळ न ओढणारा क्रायटन तिच्यापाशी राहिला असता, पण तो क्रायटन उरला नसता. प्रेम कमी पडलं म्हणून तो कळ ओढत नाही. ज्या गुणामुळे प्रेम जुळलं, त्याच गुणानं ते तोडलं.

म्हणून मला वाटतं, या जोडीतला खरा विरोध उमरावकन्या आणि बटलर हा नाही. बेटानं मेरीला मुळापासून बदललं. क्रायटनला बेटानं तसूभरही बदललं नाही. तो मेफेअरमध्ये जे मानत होता तेच बेटावर मानत होता, फक्त तिथे त्याच श्रद्धेनं त्याला वर बसवलं. सुटकेचं जहाज आल्यावर सर्वस्व जातं ते मेरीचं. चौथ्या अंकात ती कबूल करते की आमच्या सगळ्यांत श्रेष्ठ माणूस तूच होतास. तो म्हणतो, बेटावर असेन, इंग्लंडमध्ये नाही. मग इंग्लंडचंच काही चुकत असेल, असं ती म्हणते, आणि तो तिला अडवतो : इंग्लंडविरुद्ध शब्द तो तिच्याकडूनही ऐकून घेणार नाही. पुष्कळ नटांना मी हे वाक्य टाळीसाठी म्हणताना ऐकलं आहे. ते ओझं उचलणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणायला हवं.

लेखकाची हिंमत कमी पडली का, हा प्रश्नाचा दुसरा भाग. बॅरी हा स्कॉटलंडमधल्या किरिमुईरच्या विणकऱ्याचा मुलगा. उमरावांच्या घरात पाहुणा म्हणून तो वावरला, पुढे १९१३ साली स्वतःच 'सर' झाला. पायऱ्या म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नाटक ४ नोव्हेंबर १९०२ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात उभं राहिलं तेव्हा समोरच्या भारी तिकिटांच्या खुर्च्यांवर लॉर्ड लोमसारखीच माणसं बसलेली असणार. त्यांना सुखाचा शेवट देऊन घरी पाठवणं सोपं होतं. बेटावर लग्न लागलं असतं तर ती परीकथा झाली असती, आणि परीकथेनं मेफेअरमधलं कुणी अस्वस्थ होत नाही. शॉनं दहा वर्षांनी 'पिग्मॅलियन' हे नाटक लिहिताना नायक-नायिकेचं लग्न न लावण्याचा हाच हट्ट धरला. पु. लं.च्या 'ती फुलराणी'मुळे आपल्याला ती जोडी घरची वाटते, आणि तिथेही प्रेक्षक वर्षानुवर्षं लग्न शोधत आले आहेत.

शिवाय बॅरीच्या बेटांचा इतिहास पाहा. १९०१च्या उन्हाळ्यात सरेमधल्या ब्लॅक लेक कॉटेजवर लुएलिन डेव्हिस कुटुंबातल्या मुलांबरोबर तो जहाजफुटीचे खेळ खेळला, त्यांचे फोटो काढले आणि त्याचं एक पुस्तक केलं. छापल्या फक्त दोन प्रती. त्यातली एक मुलांच्या वडिलांनी आगगाडीत हरवली. त्या उन्हाळ्यातून आधी क्रायटन आला, आणि १९०४ साली त्याच थिएटरात 'पीटर पॅन'. तिथेही वेंडी ही मुलगी बेटावरून घरी परत जाते. १९२०च्या 'मेरी रोझ' नाटकात बेट एका तरुणीला नाहीशी करतं आणि अनेक वर्षांनी परत देतं, तोवर तिचं घर तिचं राहिलेलं नसतं. बेटावरून परत येण्याची किंमत काय, हाच प्रश्न या माणसानं पुनःपुन्हा विचारला. कळ न ओढलेलं नाटक तो लिहूच शकला नसता.

लिना व्हर्टम्युलर यांच्या १९७४च्या इटालियन 'स्वेप्ट अवे' या चित्रपटाबद्दल मी सविस्तर नंतर लिहिणार आहे, पण कळीचा विषय निघालाच आहे तर एवढं आत्ताच सांगतो. श्रीमंत राफाएला आणि साम्यवादी खलाशी जेनारिनो भूमध्य समुद्रातल्या बेटावर अडकतात, तिची मिजास मोडते, दोघं प्रेमात पडतात. बोट दिसते तेव्हा ती म्हणते, खूण करू नकोस. तो करतो. बहात्तर वर्षांनंतर तेच दृश्य, बाई राहायला तयार आणि पुरुष बोटीला बोलावणारा. पण जेनारिनोला परीक्षा घ्यायची असते : जगात परत गेल्यावरही ती माझीच राहील का? ती राहत नाही, नवऱ्याबरोबर हेलिकॉप्टरनं निघून जाते. त्याला निदान ती येईल अशी आशा होती. क्रायटननं कळीला हात घातला तेव्हा शेवट काय होणार हे त्याला पुरतं माहीत होतं.