कच्चा कैदी म्हणजे कोण?

रायपूरच्या जेल रोडवरून जाताना मला वाटायचे, तुरुंगात सगळे गुन्हेगारच असतात. बाबांनी मला ‘कच्चा कैदी’ हा शब्द समजावला, तेव्हा माझा गैरसमज दूर झाला.

ज्याच्यावर आरोप आहे, पण ज्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही, तो कच्चा कैदी. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार कैदी होते. त्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे होते, म्हणजे दर चारांत तीन! खटले रेंगाळतात, गरिबाला वकील परवडत नाही आणि जामीन मंजूर झाला तरी जामीनदार मिळत नाही.

आपल्या छत्तीसगडचेच उदाहरण घ्या. 24 एप्रिल 2017 रोजी सुकमा जिल्ह्यात बुरकापालजवळ सीआरपीएफचे 25 जवान शहीद झाले. या प्रकरणातील 121 आदिवासींना जुलै 2022 मध्ये दंतेवाड्याच्या न्यायालयाने निर्दोष सोडले. तोवर बहुतेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली होती.

मी कॅडेट आहे. शहिदांना न्याय मिळालाच पाहिजे. पण निर्दोष माणूस आत राहिला आणि गुन्हेगार सापडलाच नाही, तर शहिदांनाही न्याय मिळत नाही. म्हणून खटले लवकर चालले पाहिजेत.

मागे हॉस्टेलची काच फुटली, तेव्हा संशयावरून माझी रविवारची आउटिंग बंद झाली. काच दुसऱ्याने फोडल्याचे नंतर कळले. सर ‘सॉरी’ म्हणाले, पण तो रविवार परत आला नाही. मित्रांनो, माझा तर एकच रविवार गेला होता.